माशी म्हणजे कोणती?

मला मधमाशीची भयंकर भीती वाटते, आणि मी इतकी वर्षं तिच्यासारख्याच दिसणाऱ्या माश्यांच्या जाती ओळखून त्यांची वर्गवारी लावत बसलो आहे. लोक हसतात. हसू देत. जळगावात एकदा मधमाशी चावली तेव्हा गळा सुजून श्वास अडकला होता, आणि डॉक्टर म्हणाले होते, "पुढच्या वेळी दवाखान्यापर्यंत पोहोचालच, याची खात्री देत नाही."

माझ्या माश्या मात्र गरीब. केसाळ अंग, पुढे लांब सोंड, नांगी नाहीच. मधमाशीला चार पंख, हिला दोन. मधमाशी बसली की पंख पाठीवर मिटते, ही पसरून ठेवते. पंखांतल्या शिरांवरून प्रजाती ठरते आणि अंगावरच्या केसांवरून, खवल्यांवरून पुढची ओळख पटते. पण पकडताना जाळीत फडफडली की केस झडून टक्कल पडतं आणि नमुना वाया जातो. म्हणून जाळीत हात घालून तिला झटकन काचेच्या नळीत घ्यावं लागतं. हात घालण्याआधी पंख बघायचे, हा माझा नेम.

यंदा शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी एका कोरड्या नाल्यात जाळी मारली. शेताचे मालक आबा सोबत होते. माझ्या चष्म्यावर घाम, समोर ऊन, काही दिसेना. आत गुणगुण चाललेली आणि केस झडतील म्हणून माझा जीव खालीवर. आबा जाळीवर वाकले.

"आबा, काय आहे?"

"माशी शे, भाऊ. दुसरं काय व्हई?"

मी हात घातला. आमच्या प्रयोगशाळेत माशी वेगळी आणि मधमाशी वेगळी. आबांच्या शेतात दोन्ही माश्याच. हे मला मनगटावर काहीतरी चालायला लागल्यावर सुचलं. चष्म्याच्या वरून तिरपं पाहिलं. पंख पाठीवर मिटलेले होते.

मधमाशी चावलीच तर लगेच टोचून घ्यायच्या इंजेक्शनची पिशवी नाल्यापलीकडे मोटारसायकलला लटकत होती. ओरडायचीही भीती वाटली, हात हलला असता. ती अंगठ्यापर्यंत गेली, थांबली, पाय पुसू लागली. मला घर आठवलं नाही, देव आठवला नाही. तिच्या पोटाचं टोक तेवढं दिसत होतं. मग ती उडून जाळीच्या शेंड्याला गेली. हात कधी बाहेर काढला ते कळलं नाही. मी तिथेच खाली बसलो आणि रडू आवरेना.

"चावनी का?" म्हणत आबांनी माझा हात धरला आणि नखाने काटा शोधायला लागले. चावली नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी हात सोडवून घेतला नाही. म्हणालो, "आबा, नीट बघा. पुन्हा एकदा बघा."