कल्हईच्या गंजावरचं पाणी

आजच्या पोरांना बर्फाचं काय कौतुक? घरोघरी फ्रीज. तरी मी दरवर्षी आश्विनात एक दिवस माझा जुना पितळी गंज, म्हणजे उभट पातेलं, घेऊन गावच्या शाळेत जाते. रिटायर होऊन किती वर्षं झाली, कोणी बोलावत नाही, तरी जाते. गंजात गार पाणी ओतते आणि पोरांना म्हणते, आता तोंडं मिटा आणि नुसतं पाहा. पोरं चुळबुळ करतात, मी डोळे वटारते. शकुबाई मास्तरीण तापट आहे हे अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. पण गंजाच्या अंगावर पहिला थेंब उमटला की माझा राग कुठल्या कुठे जातो, आणि मला गुलाम रसूल गुरुजी दिसतात.

गुरुजी सिंदेवाहीचे. त्यांचे वडील बाबूभाई कल्हईवाले. खांद्यावर भाता टाकून गावोगाव फिरायचे, आमच्या झाडीपट्टीतली निम्मी भांडी त्यांच्या हातून उजळलेली. गुरुजींच्या हातात मात्र खडू आला. उंच, किडकिडीत माणूस, डोक्यावर काळी टोपी, आणि मन कायम दुसरीकडेच. हजेरी घेता घेता थांबायचे आणि खिडकीतून तलावाकडे पाहत राहायचे. सकाळी तलावावर धुकं तरंगत असे. गुरुजी विचारायचे, हे कुठून आलं रे? आणि उत्तर न सांगता स्वतःही त्यात हरवून जायचे. धुकं विरेपर्यंत वर्ग शांत.

हे मला कसं ठाऊक? कारण मी त्या खिडकीखालीच बसलेली असायची. कडेवर धाकटा भाऊ, माझं वय नऊ, नाव पटावर नाही. छप्पन-सत्तावन सालची गोष्ट. पोरीच्या जातीला शाळा कशाला, असं माझ्या बाबाचं, म्हणजे नथ्थूभाऊचं, मत होतं. दिवाळी झाली की मला मामाच्या गावी ढोरं राखायला धाडायचं ठरलेलं होतं. मामाच्या गावात शाळाच नव्हती, म्हणजे खिडकीही गेली.

एके दिवशी गुरुजींनी पाण्याची तीन रूपं सांगितली. पाणी तापलं की वाफ, वाफ गार झाली की पुन्हा पाणी, आणि पाणी फार गार झालं की बर्फ, दगडासारखा घट्ट. वाफेचं पाणी होताना कोणी पाहिलं आहे का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा सगळ्या वर्गाने माना खाली घातल्या. पाहिलेलं सगळ्यांनीच होतं. मोहाची भट्टी कोणाच्या घरामागे नव्हती? पण बोलायची चोरी होती. एकटा सुकलू फिस्सकन हसला. गुरुजीही हसले आणि पुढे गेले.

रात्री जेवताना माझ्या जिभेला हाड नाही म्हणून मी बोलून गेले की पाण्याचा गोटा होतो. बाबा घास हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला. आणि नेमके दुसऱ्या दिवशी गुरुजी शाळेच्या पटासाठी माझं नाव मागायला दारात आले. बाबाने त्यांना ओसरीवर बसवलं, आईने रीतीप्रमाणे वरून त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं. आमच्या घरचा पेला त्यांना कधी मिळाला नव्हता. त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं, मलाही नाही. आज वाटतं, आणि लाज वाटते.

बाबा म्हणाला, "मास्तर, पाण्याचा गोटा दाखवा. दाखवला तर पोरगी शाळेत धाडतो. नाई तर पुन्हा या दारात येऊ नका."

गुरुजी नुसते हो म्हणाले. आमच्या गावात कोणाच्या बापजाद्याने बर्फ पाहिला होता?

रविवारी पहाटेच गुरुजी सायकलवर निघाले. सिंदेवाहीच्या स्टेशनवर नागपूरहून सोडावाल्यासाठी बर्फ यायचा. त्यातला पाच शेर त्यांनी घेतला, गोणपाटात गुंडाळला, भोवती धानाचा कोंडा दाबून भरला आणि चार कोस सायकल हाणत भर दुपारी आमच्या ओसरीवर येऊन टेकले. बाबा धानाच्या बांधीवर गेला होता, दिवस कलल्यावर येणार होता. गुरुजींनी कोंडा जरासा बाजूला केला.

काय सांगू! आत पांढरं, निळसर असं काहीतरी झोपलेलं होतं. त्याच्या पोटात बारीक बुडबुडे अडकलेले. हलकासा धूर निघत होता. मी बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. आई म्हणाली, धूर निघते म्हणजे आत इस्तव असंल. गुरुजी हसले. कोंडा काढू नका, नथ्थूभाऊ आला की मला हाक मारा, एवढं बजावून ते शाळेत जाऊन आडवे झाले.

मी पोत्याजवळ बसून राहिले. पोत्याखालून पाण्याची बारीक रेघ निघाली आणि अंगणाकडे चालू लागली. मी आईला ओरडून बोलावलं.

आता माझ्या आईला, सुगंधाबाईला, कोणी नावं ठेवू नका. आमच्याकडे रात्री चुलीतला निखारा कोंड्यात पुरून ठेवतात, सकाळपर्यंत धगधगीत राहतो. कोंडा म्हणजे ऊब, हे तिला जन्मापासून ठाऊक. तिला वाटलं, मास्तर पडले पुस्तकातले, कोंड्याच्या गरमीने पोरीचं नशीब वितळून चाललं. तिने तो गोटा उचलला, घरातला पितळी गंज घेतला, रांजणातलं गारेगार पाणी त्यात भरलं आणि गोटा हळूच आत सोडला. वर झाकण ठेवलं. आम्ही दोघी निर्धास्त झालो. मला तर तिथेच डुलकी लागली. डोळ्यांपुढे अख्खा तलाव गोठून घट्ट झाला होता, आणि मी त्याच्यावरून अनवाणी चालत होते.

दिवस कलला, बाबा आला, गुरुजी आले. आईने झाकण काढलं. आत पाणी. नुसतं पाणी.

बाबाने पागोटं काढून खुंटीला लावलं. आई पदराने डोळे पुसू लागली, कोंड्याची हकिकत सांगू लागली. गुरुजी तिला म्हणाले की बाई, चुकलं माझंच, कोंडा बाहेरची गरमीही अडवतो हे मी सांगायला पाहिजे होतं. मग ते उठले, टोपी नीट केली आणि पायऱ्या उतरू लागले. दिलेला शब्द होता, पुन्हा या दारात ते येणार नव्हते. मला रडूही येईना.

तेवढ्यात बाबाचं लक्ष गंजाकडे गेलं. गंज बाहेरून ओलाचिंब झाला होता. "गळून राह्यला," बाबा म्हणाला. "बाबूभाईनं गेल्या साली बूड झाळलं होतं."

गुरुजी पायरीवर थांबले. बाबूभाई जाऊन चार महिने झाले होते.

बाबाने उपरण्याने गंज कोरडा पुसला, उचलून बूड पाहिलं. बूड शाबूत. ठेवला तर अंगावर पुन्हा बारीक थेंब. पुन्हा पुसला, पुन्हा थेंब, आणि तेही पार वर, आतल्या पाण्याच्या रेघेपर्यंत. बाबा बुचकळ्यात पडला. गुरुजींनी खिडकीतून पाहावं तसं त्या थेंबांकडे पाहिलं आणि नेहमीसारखं विचारलं, "हे कुठून आलं?"

उत्तर त्यांनी दिलंच नाही. मी दिलं.

"हवेतून आलं, बाबा. हवेत वाफ असते, आपल्याले दिसत नाई. तू भट्टीवर वरचं मडकं थंड ठेवतो ना, मंग वाफ त्याले लागून खाली टपकते? तसंच हे. गंज लय थंडा झाला म्हणून. गळून नाई राह्यला तो."

भट्टीचं नाव परक्या माणसासमोर! बाबाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आता पाठीत धपाटा बसणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. धपाटा काही बसला नाही. डोळे उघडले तर बाबा गंजातलं पाणी पेल्यात घेऊन पीत होता. दात ठणकले असावेत, कारण त्याने गाल धरला. मग हसला. मास्तराने आणलेलं, मास्तराच्या हातचं पाणी.

आई म्हणाली, अहो, ते तर... आणि थांबली.

"काऊन? या गंजाले आतून कल्हई बाबूभाईच्याच हातची हाय. रोज त्याच्यातलंच तर खाऊन-पिऊन राह्यलो," बाबा म्हणाला.

त्याने तोच पेला पुन्हा भरला, पायरीपर्यंत गेला आणि गुरुजींच्या हातात दिला. गुरुजींनी ओंजळ पुढे केली होती. सवयीने. पेला पाहून त्यांनी ती हळूच सोडली, दोन्ही हातांनी पेला धरला आणि कितीतरी वेळ त्यावरचे थेंबच बघत राहिले.

"प्या मास्तर," बाबा म्हणाला, "आन् उद्या हिचं नाव लिवा."