रिव्हिजनकाकांची दहा जगं

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, बंगळूरच्या चामराजपेट भागात, आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, एका शनिवारी सकाळी उपम्याच्या वेळेला नऊ जगं नष्ट झाली. जीवितहानी नाही. जगं नष्ट करणारे गृहस्थ वयाने चौऱ्याहत्तर, स्वभावाने सज्जन आणि पेशाने ड्राफ्ट्समन होते. हे काम त्यांनी पूर्ण शुद्धीत आणि नियमाला धरून केलं.

त्यांना मी रिव्हिजनकाका म्हणायचे. आता ते नागपूरला लेकीकडे असतात आणि तिसरा मजला फार शांत झालाय, कारण काकांना बसता येत नसे. सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात पस्तीस वर्षं त्यांनी उभ्याने रेघा मारल्या आणि निवृत्त झाल्यावरही ते उभेच राहिले. चहा उभ्याने, पेपर चालता चालता. त्यांच्याकडे गेलं की आपली मान टेनिसचा सामना बघितल्यासारखी इकडून तिकडे फिरत राहायची. "लग्नात भटजींनी पाटावर बसवलं होतं, तेवढंच," काकू म्हणायच्या. "तेव्हाही मधे दोनदा उठले."

ठोकळे रचून घरं, रस्ते, अख्खी गावं उभारायचा कॉम्प्युटरवरचा खेळ त्यांना शिकवला तो मीच. म्हटलं, माणूस घटकाभर टेकेल. काकांनी जुना ड्रॉइंग बोर्ड आडवा केला, त्यावर लॅपटॉप ठेवला आणि उभ्यानेच खेळायला सुरुवात केली. या खेळात आपण उभारलेलं सगळं एक 'जग' म्हणून साठवलं जातं. लोक त्यात किल्ले बांधतात, ड्रॅगनशी लढतात. काकांनी कारखान्याची क्वार्टर्स बांधायला घेतली. त्यांचा सगळा संसार तिथे झाला होता आणि ती क्वार्टर्स नुकतीच पाडली होती. उरलं होतं एक फाटक. काका ऑटो करून जायचे, फाटकापासून पावलं मोजायचे आणि घरी येऊन भिंती सरकवायचे.

"काका, दोन ठोकळे इकडेतिकडे झाले तर काय बिघडलं?" मी एकदा विचारलं.

"अगं सॉफ्टवेअर," (हे माझं नाव) "टॉलरन्स, म्हणजे मापातली सूट, लोखंडाला देतात. आठवणीला नाही."

दर शनिवारी ते त्या जगाची एक नक्कल काढत आणि पुढचं काम नव्या नकलेत करत. शहाण्या माणसाची सवय. गोम एवढीच होती की प्रत्येक नकलेचं नाव 'क्वार्टर्स'च. यादी उघडली की एकाखाली एक क्वार्टर्स, क्वार्टर्स, क्वार्टर्स. मी कपाळाला हात लावला. "काका, निदान पुढे ए, बी, सी तरी लिहा!"

"लिहिलंय की."

"कुठे?"

त्यांनी मला जगाच्या आत नेलं. मुख्य रस्ता, पाण्याची टाकी, कॅन्टीन, सगळं ओलांडून उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात एक लाकडी पाटी होती. त्यावर: रिव्हिजन एफ. "ड्रॉइंगचं नाव कधी बदलत नाही. बदलते ती रिव्हिजन, आणि ती कोपऱ्यात असते." माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत माझं तोंड इतक्या सहज कुणी बंद केलं नव्हतं.

मग नागपूरला जायचं ठरलं. जुन्या क्वार्टर्सवाल्यांनी निरोपासाठी रविवारी मंडळाचा हॉल घेतला. काकांनी सगळ्यांना फोन करून सांगितलं, "या, तुमचं घर दाखवतो." आठ दिवस तर ते चालण्याऐवजी धावतच होते. एकेकाच्या दाराचा रंग विचारायला फोन, अंगणातला नळ डावीकडे की उजवीकडे यावर वाद.

शनिवारी सकाळी त्या नळासाठीच त्यांनी सगळ्यात पहिली नक्कल उघडून पाहिली आणि बंद केली. त्यांचा नियम असा, की नवं ड्रॉइंग आलं की जुनं फाडायचं, नाहीतर मशीनवरचा माणूस जुन्यावरून चुकीचा पार्ट कापतो. गाव सोडायच्या आधी टेबल साफ हवं. ड्रॉइंग ऑफिसच्या गठ्ठ्यात सगळ्यात वरचा कागद सगळ्यात नवा असतो. पण हा खेळ शेवटी उघडलेलं जग सगळ्यात वर ठेवतो. काकांनी वरचं ठेवलं. खालची नऊ एकेक करून पुसली. खेळ दर वेळी विचारत होता, "नक्की?" काका दर वेळी म्हणत होते, "नक्की."

"सॉफ्टवेअर, घरं दिसत नाहीत!" वरून काकांची हाक आली आणि मी धावत वर गेले. कॉम्प्युटरची कचरापेटी पाहिली. खेळ पुसलेलं जग तिथे टाकतच नाही. जगं साठवायचा फोल्डर उघडला, आत एकच. पेन ड्राइव्हवर काकूंची भजनं होती. उरलेलं एक जग उघडलं. रस्ते, पाण्याची टाकी आणि बाकी मोकळे प्लॉट, प्रत्येकावर घरमालकाच्या नावाची पाटी. काका चालत चालत उजव्या कोपऱ्यात गेले. रिव्हिजन ए.

आणि ते खुर्चीवर बसले.

काकू स्वयंपाकघरातून डोकावल्या आणि त्यांचा चेहराच उतरला. "अगं, हे बसलेत! डॉक्टरांना बोलवू का?"

रविवारी काका जायलाच तयार नव्हते. काकू चप्पल पायात घालत म्हणाल्या, "लोक तुम्हाला भेटायला येतायत, ठोकळ्यांना नाही." हॉलमध्ये चाळीसेक म्हातारेकोतारे चष्मे पुसून बसले होते. पडद्यावर रिकामे प्लॉट आले. काका उभे होते, पण जागच्या जागी. तसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"हे ड्रॉइंग जुनं आहे," ते म्हणाले. "नवं होतं. तुमची सगळ्यांची घरं होती, मापात. माझ्या हातून पुसली गेली. आता नागपूरला बसून पहिल्यापासून बांधणार. होईल तेव्हा होईल. माफ करा."

काकांनी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला, तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून सरोजाक्का उठल्या. गुडघे दुखतात म्हणून आरतीलाही न उठणारी बाई. आजोबांपासून बंगळूरची, चोवीस वर्षं दुसऱ्या गल्लीत काकांची शेजारीण. पडद्यावरच्या आपल्या नावाच्या मोकळ्या प्लॉटकडे बोट दाखवून त्या अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा ओरडल्या,

"अय्यो अण्णा, स्वल्प थांबा! अजून बांधलं नाही ना? मग या खेपेला तरी माझ्या स्वैपाकघराला एक खिडकी द्या हो!"