चहाच्या ट्रेमधली चावी

रशिदा,

हे पत्र मी फार उशिरा लिहिते आहे. गोड बोलून सुरुवात करणं मला कधी जमलं नाही, तुला माहीत आहे. म्हणून सरळच लिहिते.

तू एकोणीसशे शहाऐंशीला आमच्या चंद्रपूरच्या दवाखान्यात आलीस, एकोणीस वर्षांची. तुझ्या नवऱ्याचं, नूर मोहम्मदचं, गाद्या भरायचं दुकान आमच्या समोरच होतं. माझ्या नवऱ्याने, म्हणजे डॉक्टरांनी, तुला एकदा सलाईन लावून दाखवलं. बाकीचं तू बघूनबघून शिकलीस. जिवतीहून जीपमध्ये घालून आणलेल्या अडलेल्या बाया तू सांभाळल्यास, आणि वेळ मिळाला की कार्बन घालून बिलंही लिहिलीस. ऊर्जानगरचे, वीज केंद्रातले लोक तर मला विचारतच नसत. "रशिदाबाई कुठी आहे? तिले माह्या पॉलिसीचा नंबर पाठ आहे." ऑक्सिजन सिलिंडरची चावी हरवते म्हणून तू ती ओढणीच्या टोकाला बांधून फिरायचीस. आम्हाला चावी लागली की आम्ही तुलाच हाक मारायचो.

दोन हजार चारला माझा मुलगा राजदीप डॉक्टर होऊन आला आणि दवाखान्याचं हॉस्पिटल झालं. नवं नाव, नवं बँक खातं, कॉम्प्युटरवर बिलं. मी बी.कॉम. झालेली, तरी मला वाटलं, नुसती पाटी तर बदलली. मग विमा कंपनीचं पत्र आलं. मंजुरी डॉक्टरांच्या नावावर होती, आता बिल दुसऱ्या नावाने येणार, तेव्हा पॅनलसाठी, म्हणजे कंपनीच्या मान्य दवाखान्यांच्या यादीसाठी, नव्याने अर्ज करा. तोवर विम्याच्या पेशंटने रोख भरावं. पेशंट रोख भरेनात, ते नागपूरला जाऊ लागले.

अर्जात प्रत्येक नर्सचा नोंदणी क्रमांक हवा होता.

"बाई, मी तं इथीच शिकली. नंबर कुठून आणू?"

"तू गप्प बस. मी बघते."

मी काय बघितलं? माझी भाची रश्मी कोर्स करून घरी बसली होती. तिचं सर्टिफिकेट जोडलं, 'सहा वर्षांपासून कार्यरत' असं लिहिलं आणि सही केली. तुझं नाव कर्मचाऱ्यांच्या यादीत 'स्वयंपाकघर' या कामापुढे लिहिलं.

तपासणीच्या दिवशी तू विचारलंस, "मी घरी जाऊ का बाई?"

"नको. चहा कोण करेल?" हे मीच म्हणाले.

विमा कंपनीचे नागपूरचे साहेब आले. कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीतल्या रश्मीला ते म्हणाले, "सिस्टर, ऑक्सिजन सुरू करून दाखवा." सिलिंडर होता, चावी नव्हती. तुझ्याकडून ती मागून घ्यावी हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. रश्मी माझ्याकडे बघत राहिली आणि मी भिंतीकडे.

तेवढ्यात तू चहा घेऊन आलीस. ट्रेमध्ये चार कप आणि त्यांच्या शेजारी चावी. ट्रे रश्मीपुढे धरलास आणि उभी राहिलीस. साहेबांनी तुझ्याकडे नीट बघितलं.

"या कोण?"

"स्वयंपाकाच्या बाई," मी म्हणाले.

"हुशार दिसतात."

"साखर कमी टाकली साहेब," तू म्हणालीस. "चालन ना?"

महिन्याभरात मंजुरी आली. तू त्या दिवसाबद्दल एक शब्द काढला नाहीस. काढला असतास तर मी तुझ्यावर चिडले तरी असते.

पुढच्या वर्षी नूर मोहम्मदचं दुकान बंद झालं आणि तुम्ही गडचिरोलीला त्याच्या भावाकडे गेलात. तिथल्या एका दवाखान्याला अनुभवी बाई हवी होती. सर्टिफिकेट नसलं तरी चालणार होतं, अनुभवाचं पत्र मात्र पाहिजे होतं. त्यासाठी तू आलीस.

"जुन्या लेटरहेडवर चार ओळी लिहा बाई. मी काय काय करत होती, तेवढंच. सोमवार आखरी तारीख आहे."

"उद्या देते."

"मले थांबता नाई येत. दुपारच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देऊन द्या. मी स्टँडवर येत जाईन."

जुनं लेटरहेड मी काढलं. तुझं नाव लिहिलं, पुढे 'यांनी आमच्याकडे' लिहिलं आणि थांबले. अठरा वर्षं नर्सचं काम तू केलंस असं लिहायचं, तर त्या यादीखाली सही कोणाची? राजदीप म्हणाला, "आई, हा कागद कोणी नागपूरला दाखवला तर पॅनल जाईल." त्याच्यावर ढकलत नाही. तो बोलला तोवर मी पेन खाली ठेवलं होतं. तुला तसं कळवण्याचीही हिंमत झाली नाही.

आता तू तिथल्या एका वसतिगृहात पोळ्या करतेस असं ऐकते. मी साहेबांना सांगितलं होतं, तेच काम.

तुझी शेवटची तारीख गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, दुपारच्या गाडीचा लच्छू कंडक्टर आमच्याकडे खोकल्याचं औषध घ्यायला आला होता. म्हणाला, "बाई, ते रशिदाबाई चार दिवस झाले, गाडी लागली का येऊन उभी राह्यते. तुमच्याकडून काई न्यायचं होतं का?"

कागद माझ्या टेबलाच्या खणात होता. मी म्हणाले, "नाही. काही नव्हतं."