आणायला मोठं माणूस हवं

बाळंतपणाला माहेरी जाताना माझ्या बायकोने एकच अट घातली होती. मामा घरातून गेल्याशिवाय ती परत येणार नव्हती. हे ती भांडून बोलली असती तर मी कानाआड केलं असतं. पण ती साडीची घडी घालत, अगदी हळू आवाजात बोलली. हिचं ठरलंय, हे मला कळलं.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. तरुणपणी तो ठाण्याच्या खाडीत मासेमारी करायचा. कारखान्यांचं पाणी खाडीत उतरायला लागलं, जाळ्यात काही गावेनासं झालं, तेव्हा होडी विकून तो एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाला आणि तिथूनच रिटायर झाला. त्याची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. माझे वडील आधीच गेलेले. आई गेली तेव्हा मामा दिवसकार्याला आला आणि ‘तुला एकट्याला जेवायला कोण घालील?’ म्हणून राहिला. तेव्हा त्याचा मला केवढा आधार वाटला होता! पुढे माझं लग्नही त्यानेच धावपळ करून जमवलं. जेवायला घालणारं माणूस घरात आलं, तरी मामा जागचा हलला नाही. हलायला हवं हे त्याच्या गावीही नव्हतं.

आमचं घर डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला, वन रूम किचन. बाहेरच्या खोलीत मामा. आम्ही नवराबायको स्वयंपाकघरात, ओट्याकडे डोकं आणि मोरीकडे पाय करून. कूस बदलली तरी भांडं वाजायचं आणि भांडं वाजलं की बाहेरून मामा विचारायचा, “मांजर आली काय रे?” नव्या नवरीने यावर काय बोलायचं? शिवाय मासळी होतीच. बायकोही कोळ्यांचीच, बाळकुमची. तिला कालवण शिकवायची कुणाची टाप नव्हती. पण मामा सरळ तिच्या हातातला डाव काढून घ्यायचा आणि म्हणायचा, “चिंच अशी नाय घालायची गो पोरी.” कालवण त्याच्या हातचंच चांगलं व्हायचं, हे मी आजवर घरात बोललेलो नाही. मला या घरातच राहायचं आहे.

मुलगी झाली. मी दर रविवारी बाळकुमला जायचो. बायको मुलीला माझ्या मांडीवर ठेवायची आणि पहिला प्रश्न करायची, “सांगितलंत?” मी म्हणायचो, “सांगतो.” पोरीचे डोळे माझ्या आईसारखे होते. ते बघायला मला आठवडाभर थांबावं लागायचं, याचा संताप यायचा. पण संतापायचं कुणावर? बायकोचं चुकत नव्हतं. मामाचंही काय चुकत होतं?

मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. आधी शेजाऱ्यांना मध्यस्थी करायला पाठवलं. ते गृहस्थ मामासमोर बसले, त्याने तळलेले बोंबील खाल्ले, वर चहा प्यायले आणि बाहेर येऊन मलाच म्हणाले, “असा मामा नशिबाने मिळतो हो.” मग मी स्वतःच धीर केला. म्हटलं, “मामा, बाळ आल्यावर जागा कमी पडेल, नाही?” मामा लगेच म्हणाला, “त्यात काय? मी गॅलरीत झोपंन.” आमच्या गॅलरीत दोन कुंड्या आणि एक बादली ठेवल्यावर उभं राहायलाही जागा उरत नव्हती. पण तो मनापासून बोलत होता. पुढचं सगळं मी गिळलं.

मग एका सकाळी, ओट्यावर मांदेली साफ करता करता, मान वर न करता तोच म्हणाला, “सून माज्यामुळं येत नाय ना?”

मी उगाच पाण्याचा तांब्या भरून घेतला.

“मना आंधळा समजलास काय रे?” तो म्हणाला. “सांगायचंस ना.”

त्याच्याबरोबर गेटवर काम केलेला एक जोडीदार निवृत्त होऊन कल्याणच्या पुढे खडवलीला राहत होता. तोही एकटाच. घराला मागे एक खोली होती आणि मामाने तिथे यावं म्हणून तो कधीपासून मागे लागला होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मामा खडवलीला जाऊन दोन दिवस राहून आला. आल्यावर त्याने पत्र्याची ट्रंक पुसून काढली, कपडे भरले, तिला दोरी बांधली आणि दाराजवळ ठेवली. मला बरं वाटायला हवं होतं. पण मी त्या ट्रंकेकडे बघायचं टाळत होतो.

तरी रविवारी मी बाळकुमला गेलो तो जवळजवळ पळतच. बायकोला सांगितलं, तिचा चेहरा उजळला. ती लगेच मुलीची दुपटी गोळा करायला लागली. एवढ्यात सासरे बाहेरून आले.

“असा नाय चालणार, जावईबापू,” ते म्हणाले. “पयलं बाळंतपण हाय. तुमचे घरचं मोठं माणूस आणायला येल, तवाच पोर धाडणार. आमची रीत हाय.”

रीत मलाही ठाऊक होती. माझीही तीच. पहिलटकरणीला एकटा नवरा घेऊन गेला तर ‘तिला सासरी कोणी विचारत नाही’ असं गाव बोलतं. मी म्हटलं, “माझ्याकडे मोठं माणूस म्हणजे फक्त मामा.”

“मग त्यांनाच आणा की,” सासरे म्हणाले.

मी बायकोकडे बघितलं. तिने नकारार्थी मान हलवली, म्हणजे बोलू नका. आपल्या लेकीने म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर काढायची अट घातली आहे, हे तिच्या वडिलांना कळलं असतं तर त्यांनी तिला उभी चिरली असती. ‘मुलगी अजून लहान आहे’ असं सांगून ती तिथे दिवस काढत होती. तेव्हा मी सासऱ्यांना ‘आणतो’ म्हटलं. एका दिवसाचा तर प्रश्न होता. मामा आणायला येईल, दुसऱ्या दिवशी खडवलीला जाईल. आमचं दोघांचं डोळ्यांनीच तसं ठरलं.

मामाला सांगितलं तर तो हरखला. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, नारळ घेतला, सुनेला साडी, नातीला चांदीचे वाळे. बाळकुमला सासऱ्यांच्या ओटीवर शेजारपाजारची माणसं जमली होती. चहापाणी झालं. बायकोची ओटी भरली. ती मुलीला घेऊन दारात येऊन उभी राहिली आणि सासऱ्यांनी मामाचे दोन्ही हात धरले.

“पोर तुमचे हवाली,” ते म्हणाले. “तिला सासू नाय, सासरा नाय. हा दिवसभर कामावर. लेकरू घेऊन ती एकटी काय करंल? तुमी घरान हाव म्हणून मी धाडतंय. हाव ना तुमी?”

मामाने माझ्याकडे बघितलं. मी काय करायला हवं होतं ते मला अजूनही सुचलेलं नाही. सगळी ओटी आमच्याकडे बघत होती. बायको दारात, तोंडावर पदर धरून. ती एका शब्दाने हे थांबवू शकत होती, आणि तो शब्द बापासमोर काढणं तिला शक्य नव्हतं.

मामा म्हणाला, “हाय ना मी. काळजी नको.”

सासऱ्यांनी डोळे पुसले. आम्ही टॅक्सी केली. मुलगी वाटभर मामाच्या मांडीवर वाळे वाजवत होती.

घरी आल्यावर बायको मुलीला घेऊन थेट स्वयंपाकघरात गेली. मामा ट्रंकेजवळ खाली बसला आणि दोरीची गाठ सोडायला लागला. गाठ कोळ्याच्या हातची, सहज सुटणारी नव्हती. मी म्हटलं, “मामा, तसं काही नाही. तू जाऊ शकतोस. त्यांना मी समजावीन.”

“काय समजावशील?” तो म्हणाला. “चार माणसांत हात धरून विचारलं त्याने. मी हाय म्हटलं. आता कसा जाऊ?”

मग त्याने दोरी हातातच ठेवली. स्वयंपाकघरात ऐकू जाणार नाही अशा बेताने, जरा लाजल्यासारखा तो म्हणाला, “तिथं घराच्या मागं नदी हाय रे. चांगलं पाणी. मी जाळं टाकून बघितलेलं. मासळी लागली.”

आणि गाठ सोडून त्याने एकेक शर्ट बाहेर काढायला सुरुवात केली.