अण्णाच्या गाडीखाली

पंधरवड्यापूर्वी संध्याकाळी फोन खणखणला तेव्हा बाहेर धो धो पाऊस होता. पलीकडून अण्णाचा शेजारी कन्नडमध्ये म्हणाला, ‘‘अण्णा होगबिट्रु.’’ अण्णा गेले. आणि मी काय म्हणावं? ‘‘एवढ्या पावसात? गाडी घेऊन?’’ कन्नड असो की मराठी, ‘गेले’चे दोन अर्थ पन्नाशीच्या माणसाला कळायला हवेत. पण माझा हा थोरला चुलतभाऊ पावसात बाहेर पडला, हेच मला आधी अशक्य वाटलं.

अण्णा पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात पत्रे कापायचा. आठवडा लोखंडात जायचा आणि रविवार आपल्या जुन्या मॉरिस गाडीचं लोखंड जपण्यात. गल्लीत घरोघरी मारुती आल्या तरी तो दारांखालची पाणी निघून जायची भोकं वहिनीच्या केसांच्या आकड्यानं कोरत बसलेला. एकदा मी मोठ्या प्रेमानं प्लास्टिकचं कव्हर नेलं, तर म्हणाला, ‘‘वासू, ह्यानं गाडीला घाम येतो रे! तूच पांघर.’’ पुढे त्याचे गुडघे कुरकुरायला लागले आणि गाडीखाली शिरून जळकं ऑइल फासायचं, गंज शोधायचा, हे काम माझ्याकडे आलं. ‘‘स्वल्प ये रे,’’ असा फोन यायचा. अण्णाचं स्वल्प म्हणजे जेवणासकट अख्खा रविवार.

मी गोणपाटावर पाठ टेकून आत सरकायचो, पोट अडकेपर्यंत. ते लवकरच अडकायचं. वरून प्रश्न यायचा, ‘‘तुक्कु?’’ गंजाला त्याच्याकडे हा एवढाच शब्द, कन्नड. डोळ्यांत तेल टपकेल म्हणून मी ते मिटूनच घेतलेले. ‘‘इल्ला, अण्णा!’’ नाही म्हणजे नाही. ‘‘सरी,’’ म्हणजे ठीक आहे, असं म्हणून तो आत कॉफी सांगायचा.

परवा, दिवसकार्य आटोपल्यावर, वहिनी म्हणाली, ‘‘गाडीला जरा ऊन दाखवा, भावजी.’’ मी चालकाच्या बाजूचं मॅट उचललं. खाली पत्रा. कडा कानशीनं घासून गुळगुळीत केलेल्या, वर लाल रंगाचा हात. अण्णाचंच काम. तो पत्रा उचलला आणि खाली गाडीच नव्हती... सरळ अंगणातली फरशी दिसत होती.

वहिनी पाठीशी उभी होती. ‘‘गेल्या पावसाळ्यात एकदा गाडीसकट अडकले वाटेत. पाय भिजवून घरी आले. मी म्हटलं, वासूभावजी तर नाही म्हणाले होते! तर म्हणतात, त्याला बोलू नकोस. ओशाळेल, आणि मग यायचा नाही.’’

म्हणजे त्यानंतरही तो विचारत राहिला, आणि मी डोळे मिटून ‘इल्ला’ म्हणत राहिलो. त्याच्या ‘सरी’त कधी तिरका सूर आला नाही. निदान एकदा शिवी तरी हासडायचीस, अण्णा... मी पत्रा होता तसा ठेवला, वर मॅट अंथरलं. निघताना चपला घालता घालता वहिनीला विचारलं, ‘‘बरी आहेस ना? काही लागलं तर सांग.’’ ‘‘काही नाही, सगळं ठीक आहे,’’ ती म्हणाली.

परतताना रिक्षात मी बायकोला हे सगळं सांगितलं. ‘जाऊ द्या हो’ एवढं तरी ती म्हणेल, अशी आशा होती. सिग्नलला रिक्षा थांबली.

‘‘वहिनीसुद्धा ‘इल्ला’च म्हणाल्या ना आत्ता?’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही वाकून बघितलंत?’’

आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तिनं रिक्षावाल्याला मागे फिरायला सांगितलं, ‘‘अण्णा, स्वल्प वापस होगी.’’