आईने बेटावर पाणी भरलं

माझं लग्न झालेलं नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे अर्ध्या गोष्टीत कुणी ‘आणि जावई कुठे होते?’ असं विचारायला नको. मी बदलापुरात एकटी राहते, सातव्या मजल्यावर, कर्ज काढून घेतलेल्या वन बीएचकेत. नोकरी उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या एका जीन्सच्या कारखान्यात. तिथे मी माल मोजते, गठ्ठे रवाना करते आणि दिवसभर सेठशी भांडते. सेठ माणूस सोन्यासारखा, पण सुट्टी म्हटली की त्यांना एकदम कमी ऐकू येतं.

आई राहते अंबरनाथला, मोरिवलीच्या चाळीत. बाबा गेल्यापासून तीही एकटीच. म्हणजे दोन बायका, दोन घरं, दोन गॅस आणि दोन लाइटबिलं. मागच्या वर्षी पाण्याचा हंडा उचलताना ती मोरीत घसरली, खांदा निखळला आणि तेव्हापासून मी तिच्या मागे लागले होते, की आता पुरे झालं, माझ्याकडे राहायला ये.

“माझ्याकडे चोवीस तास पाणी आहे,” मी म्हणायचे. बिल्डरने जाहिरातीत तसं छापलं होतं, आणि नवल म्हणजे खरोखर येतंही.

“असू दे.”

“पुन्हा पडलीस तर?”

“पडले तर पडले. चाळीत उचलायला माणसं आहेत.”

हेच दळण वर्षभर चालू होतं. दोनदा तिला उचलून घेऊनही आले होते. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी बाईसाहेब पिशवी भरून दाराशी उभ्या. कारण काय, तर म्हणे इथे राहवत नाही. शेवटी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “आई, लाव पैज. घर सोडून पाच दिवस माझ्याबरोबर राहून दाखव. राहवलं तर मुकाट्याने बदलापूरला यायचं, कायमचं. नाही राहवलं तर मी हा विषय मेले तरी काढणार नाही.”

तिने लगेच हात पुढे केला. हरण्याची तिला सवयच नाही.

आता जायचं कुठे? महाबळेश्वरहून ती एसटी पकडून परत आली असती. गोव्याहून तर नक्कीच. म्हणून मी अंदमानातलं एक छोटंसं बेट शोधून काढलं. बेटावरून पळून जाता येत नाही. विमान, मग मोठी बोट, मग रिक्षा असं करत आम्ही त्यातल्या त्यात स्वस्त हॉटेलात पोचलो तेव्हा मी मनातल्या मनात पैज जिंकूनही बसले होते.

हॉटेल म्हणजे काय, नारळाच्या बागेत मांडलेल्या बांबूच्या सात-आठ खोल्या, वर पत्रा, आत मच्छरदाणी. मालक बंगाली, पन्नाशीचा, हाफ पँट घालून दोन माडांना बांधलेल्या झोळीत पडलेला. आम्हाला बघून तो उठला नाही, नुसता हात हलवला. “आइए, आइए. जो कमरा खुला है, ले लीजिए.”

मी चावी मागितली, तर म्हणाला, “चावी किसलिए?”

मेनूकार्डावर चायनीजपासून इटालियनपर्यंत सगळं होतं, मिळायचा मात्र मासे-भात. पंखा फिरत नाही म्हटलं की मालकाचं उत्तर ‘हो जाएगा’. चहा अजून आला नाही? ‘हो जाएगा.’ आणि व्हायचंही सगळं, पण कधी ते त्याच्या झोळीलाच ठाऊक. मला तर बाई हे सगळं जाम आवडलं. आमचे सेठ इथे आले असते तर त्यांनी अर्ध्या तासात मालकाला झोळीसकट हिशेबाला बसवलं असतं.

आईने मात्र नाक मुरडलं. “याला हॉटेल म्हणतात? माझ्या माहेरचा, मुरबाडचा गोठा बरा. दारात माणूस आलं तर गाय तरी उठून बघते.”

मग तिला समुद्रावर नेलं. दोन मिनिटांवर पांढरी वाळू आणि हिरवंनिळं पाणी, अगदी कॅलेंडरवर असतं तसं. मी हरखून गेले. आई कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “एवढं पाणी, आणि सगळं खारट. काय करायचंय?” मग समुद्राकडे पाठ करून बसली. चाळीतल्या शेजारणीला फोन लावून दे म्हणाली, आज पाणी आलं का विचारायला. रेंज नव्हती. तिचा चेहरा पार पडला. पहिल्याच दिवशी ही अवस्था, म्हणजे पैज गेली आणि आईही गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती धो धो पाण्याच्या आवाजाने. शेजारच्या खाटेवर आई नव्हती.

इथे चाळीतल्या पाण्याचं थोडं सांगायला हवं. आमच्याकडे पाणी येतं, पण त्याच्या मर्जीने. आधी नळ नुसता फुसफुसतो. तो आवाज भिंतीपलीकडून ओळखणारी माणसं थोडी असतात आणि आमच्या चाळीत ती एकच, माझी आई. आवाज आला की ती गॅलरीत उभी राहून “आलं गं!” अशी आरोळी ठोकते आणि अख्खी चाळ उठून बसते. मग हंडे, कळश्या, पिंप, टोप, दिसेल ते भरायचं. रिकामं भांडं दिसलं की तिला घरात कुणी आजारी असल्यासारखं वाटतं.

मी बाथरूममध्ये डोकावले. दोन्ही बादल्या काठोकाठ भरलेल्या आणि त्यांच्यावर रात्रीच्या जेवणाच्या ताटल्या झाकण म्हणून ठेवलेल्या. बाहेर आले तर अंगणात रांगच लागलेली. रिकाम्या खोल्यांमधल्या बादल्या, स्वयंपाकघरातले टोप, मासे ठेवायचा बर्फाचा डबा, पाय धुवायचं सिमेंटचं टाकं, सगळं भरलेलं आणि वर केळीची पानं झाकलेली. वाळूत एक छोटी होडी उलटी पडली होती, ती काही आईने सुलटी केली नव्हती, एवढंच नशीब.

“अगं आई, हे काय चाललंय?”

“पाणी आलंय! बघत काय उभी राहिलीस, तो टोप घे.”

“अगं, हे वरच्या टाकीतलं पाणी आहे. ते येत नाही, ते असतंच.”

“असतंच?” तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. “असतंच असं पाणी जगात कुठे असतं?”

तेवढ्यात नळाने दोन आचके दिले आणि बंद पडला. आईचा चेहरा फुलला. “बघ, गेलं! वेळेत भरलं म्हणून बरं.”

मी कपाळाला हात लावला. टाकी हिनेच रिकामी केली होती. आता मालकाला सांगून पंप चालू करायचा, एवढंच काम होतं, पण आमचं नशीब फाटकं. त्याच सकाळी बेटावरची लाइट गेली. विहिरीवरचा पंप लाइटवर चालणारा. मालक झोळीतूनच म्हणाला, “शाम तक आ जाएगी. हो जाएगा.”

एवढ्यात शेजारच्या खोलीतून एक उंच, गोरा परदेशी माणूस बाहेर आला. कमरेला टॉवेल, डोक्यावर शाम्पूचा फेस, डोळे घट्ट मिटलेले. समुद्रावरून एक नवं लग्न झालेलं जोडपं आलं, नखशिखांत वाळूने माखलेलं. नवरी नळ पिळून बघते आणि नवरा मालकाकडे. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

आईला मात्र आपण काय करून ठेवलंय याचा पत्ताच नव्हता. तिने पदर खोचला. “हो जाएगा म्हणजे काय? माणसं काय शामपर्यंत फेस लावून बसतील?” आणि मग तिच्या त्या चाळीतल्या हिंदीत, “ए भाई, लाइन लगाव! एक आदमी, एक बालदी. पहिले लेडीज लोग. और तू, साबणवाला, इधर आ.”

गोरा चाचपडत आला. आईने त्याला दगडावर बसवलं आणि टमरेलने त्याच्या डोक्यावर धार धरली, तीही मोजून. त्याने आणखी मागण्यासाठी हात पुढे केला तर हातावर चापट. “बास! एवढ्यात आमच्याकडे दोघांची अंघोळ होते.” तो बिचारा हात जोडून उठला. नवरीला तिने बादली दिली, वर “केस उद्या धू” असा हुकूमही दिला. नवरा-नवरीच्या खोलीत पिण्याचं पाणी वेगळं झाकून ठेवलं.

मालक झोळीतून उठला, हे मी पहिल्यांदाच बघत होते. तो टाकीखाली गेला, टाकीवर बोटांनी टकटक करून पोकळ आवाज ऐकला, मग अंगणातली रांग बघितली, मग आईकडे बघितलं. त्याला सगळं समजलं. मी डोळ्यांनीच माफी मागितली. तर तो भला माणूस मोठ्याने म्हणाला, “आज तो माँजी ने बचा लिया!” गोऱ्याने टाळ्या वाजवल्या. आई लाजली हो! बाबांच्या माघारी मी तिला लाजताना बघितलंच नव्हतं.

त्या दिवसापासून हॉटेल आईच्या ताब्यात गेलं. मी तिला आई म्हणते म्हणून सगळेच तिला आई म्हणायला लागले. सकाळी दारं उघडायची ती “आई, पानी?” करत. लाइट आहे तोवर पंप चालवायचा असा तिने नियम केला आणि त्यासाठी मालकाला झोळीतून उठवायची. गोरा तिच्या हाताखाली बादल्या वाहायचा. नवरीला झाकणाचं महत्त्व शिकवून झालं. मोरिवलीचं नाव तिच्या तोंडी येईना. तिसऱ्या दिवशी तर ती नवरीचा हात धरून गुडघाभर समुद्रात गेली आणि लाट आली की पोरीसारखी किंचाळायला लागली. मी किनाऱ्यावर बसले होते आणि मनात लाडू फुटत होते. फक्त कुठेतरी बोचतही होतं. माझ्या घरात हिला एक दिवस काढवत नाही, आणि इथे या परक्यांत बघा.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघी वाळूत बसलो होतो. मी म्हटलं, “राहवलं ना? हरलीस.”

“हरले,” ती म्हणाली. “पण यायची नाही.”

“असं कसं? पैज म्हणजे पैज!”

“इथे राहवलं म्हणून तुझ्याकडे राहवेल असं कुणी सांगितलं? इथे उठल्यापासून चार माणसं मला हाक मारतात. तुझ्याकडे कोण मारणार? नळ सोडला की पाणी, बटण दाबलं की धुणं. मी आपली सोफ्यावर पाहुण्यासारखी. तू उजाडता डबा घेऊन जाणार ती दिवे लागल्यावर येणार. आल्या आल्या काय, तर पडली नाहीस ना? मी काय काचेचा पेला आहे, कपाटात ठेवायला?”

मला असा संताप आला! माझा संताप मला विचारून बाहेर पडत नाही. “मग राहा जा तिथे, पड त्या मोरीत! आणि मी काय करू? दार उघडते तर आत काळं कुत्रं नसतं. टीव्ही लावते, तो एकटाच बडबडतो. ओट्याशी उभ्या उभ्या जेवते, ताट विसळते, झोपते. तू पडशील म्हणून नाही गं बोलवत तुला! मला करमत नाही म्हणून बोलवते!”

बोलून गेले आणि माझी मीच दचकले. वर्षभर आईची काळजी, आईची काळजी असं सगळ्यांना सांगत होते, आणि स्वतःलाही तेच सांगत होते.

आई पायाची वाळू झटकायची थांबली. “उभ्याने जेवतेस?”

“हो.”

“रोज?”

“एकटीसाठी कुठे ताट-पाट मांडायचं?”

“अगं मग हे आधी बोलायला काय झालं होतं?” ती एकदम ओरडलीच. “वर्षभर आपलं पडशील, पडशील! मला वाटलं लेकीच्या जिवाला म्हातारीचा घोर लागलाय, कशाला तिच्या गळ्यात पडू. आणि ही तिकडे घोड्यासारखी उभ्याने खाते!” आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

ते बघून माझा बांध फुटला. चांगलं भोकाड पसरलं मी. ते जोडपं पलीकडून टकामका बघत होतं. म्हटलं, बघा मेल्यांनो. आईने वाळूचा हात तसाच माझ्या पाठीवरून फिरवला.

“येते मी,” ती म्हणाली. “या महिन्यातच येते. पण पडणारी म्हातारी म्हणून येणार नाही, तुला जेवायला घालायला येते. बसून जेवायचं. तू आल्याशिवाय मी ताट वाढून घेणार नाही. उशीर होणार असेल तर फोन करायचा.”

“कुणाला?” मी नाक पुसत बावळटासारखं विचारलं. इतक्या वर्षांत उशीर होणार म्हणून मी कुणालाच फोन केला नव्हता.

“मला,” आई म्हणाली.