मांडवातला चिनीमातीचा पक्षी

थंडीच्या दिवसांत आमच्या आरमोरीकडच्या गावांत पहाटेला धानाच्या तणसाचा आणि विझत आलेल्या शेकोटीचा मिळून एक ओलसर, उबदार वास येतो. त्या वासात मी मांडवात रात्रभर चालणारं नाटक पाहत बसले होते, आणि रंगमंचावर, श्रीमंताच्या दिवाणखान्यात, टेबलाच्या मधोमध माझा पक्षी बसला होता.

निळ्या पंखांचा, पिवळसर छातीचा, चिनीमातीचा इंग्रजी पक्षी. बाबा जंगलातल्या जुन्या विश्रामगृहाचे चौकीदार. कुण्या साहेबाच्या मडमेनं मागे सोडलेला हा जीव बाबा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत, धोतराच्या घडीत सापडला. त्यांचं म्हणून माझ्याकडे एवढंच आहे. आमच्याकडे नाटक आलं की रंगमंचावरचं घर गावच सजवतं. कुणाची खुर्ची, कुणाचं घड्याळ. नाटक ठरवणाऱ्या गावच्या मंडळाची पोरं दारात आली, घर नाटकासाठी आलेल्या पाहुण्यांनी भरलेलं, नाही कसं म्हणायचं? दिला, आणि मनातल्या मनात मिरवूनही घेतलं.

शेजारी बसलेल्या सुमनबाईंनी हे नाटक वडशाला पाहिलं होतं. शालीतून तोंड काढून त्या सहज म्हणाल्या, "आता बाप चिडते अन् टेबलावरचं फोडते. मंग पोरीले घराबाहीर काढते."

बापानं पक्षी उचललाच होता. आपल्या मनानं लग्न करून आलेली लेक उंबऱ्यात, त्याचा हात हवेत, पेटीचा सूर चढलेला. जन्मभर वर्गात पोरांना गप्प बसवणारी मी, त्या गर्दीत उभी राहून ओरडले, "भाऊ, ठेवा ते खाली! माह्या बापाचं आहे!"

नटानं माझ्याकडे पाहिलं, पक्ष्याकडे पाहिलं, दोन्ही हातांनी तो टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसून राहिला. मग लेकीला म्हणाला, "ये. जेवून घे." आजूबाजूच्या बाया पदरानं डोळे पुसू लागल्या, मी मात्र सुटकेनं वेड्यासारखी हसत होते.

उजाडल्यावर, अर्धवट रंग पुसलेला तो नट स्वतःच पक्षी घेऊन घरी आला. मी ओशाळून चहा पुढे केला. "तुमचं नाटक बिघडवलं भाऊ."

"नाई बाई. आमचा रोजचा फोडाचा मातीचा पोपट रस्त्यातच फुटला, म्हणून मंडळाले दुसरं काई मागतलं. फोडाचं आहे, हे सांगाचंच राहून गेलं." त्यानं चहा बशीत ओतला. "इतके दिवस फोडून राह्यलो, तं लोक टाळ्या वाजवत. आज रडले. आता पुढच्या गावी काय करू, सांगा."

पक्षी पदरात धरून मी दारात उभी राहिले, कोवळ्या उन्हात त्याची गाडी धुरळा उडवत गेली, आणि पुढच्या मांडवात ती लेक आज जेवेल की नाही, हा नवाच घोर मला लागला.